बीलचा करार: ट्रेड का जमला नाही, आणि बाय-आउटमध्ये कोणाचं किती गेलं

तुमच्या घरातल्या वादाला तीन बाजू आहेत. तुमचं म्हणणं, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्सनी जुलै २०२५ मध्ये ब्रॅडली बीलला बाय-आउट देऊन मोकळं केलं ही घोडचूक झाली. ट्रेड करून दोन कामाचे खेळाडू तरी पदरात पाडून घ्यायला हवे होते. तुमचे मेव्हणे म्हणतात, चूक बीलची. करारात लिहिलेले १ कोटी ३९ लाख डॉलर आपणहून कोण सोडतं? आणि तुमच्या मुलाच्या मते ही सगळी पद्धतच अन्यायाची आहे, कारण पगार एका संघाने द्यायचा आणि खेळाडूने लॉस एंजेलिसला जाऊन दुसऱ्यासाठी खेळायचं. मी खेळाडूंच्या एजंटांसाठी करारांचे हिशेब बघते आणि याच कलमांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. बाय-आउट ही चूक नव्हती. चूक झाली जून २०२३ मध्ये, बील ज्या ट्रेडमधून फिनिक्सला आला त्या ट्रेडमध्ये.

आपल्याकडच्या बऱ्याच चाहत्यांना ट्रेड हा प्रकार आयपीएलमुळे परिचयाचा आहे, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. आयपीएलमध्ये खेळाडू नकोसा झाला की हंगाम संपल्यावर त्याला सोडून देता येतं. त्याची रक्कम संघाच्या खिशात परत येते आणि तो लिलावात जातो. ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. रक्कमही बदलता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला तेव्हा त्याची रक्कम १८ कोटी रुपयांवरून १४ कोटींवर आणली गेली. एनबीएमध्ये या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. हमी दिलेला पगार खेळाडूला काढून टाकला तरी द्यावाच लागतो. ट्रेडला खेळाडूची परवानगी लागत नाही, त्याला रात्रीत दुसऱ्या शहरात धाडता येतं. आणि चालू करारातला पगार कमी करता येत नाही. ‘थोडे कमी घेतो, पण मला तिकडे पाठवा’ असं जडेजासारखं म्हणायची सोयच तिथे नाही. पगार कमी करायला एकच दार उघडं असतं, ते म्हणजे खेळाडूला मोकळं करताना दोन्ही बाजूंनी मिळून करारात केलेली दुरुस्ती. तिलाच बाय-आउट म्हणतात.

आता बीलचा करार. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वॉशिंग्टन विझार्ड्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. दहा वर्षं तो तिथेच खेळला आणि जुलै २०२२ मध्ये त्याने पाच वर्षांचा, २५ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. रक्कम मोठी होती, पण त्या दर्जाच्या खेळाडूंना ती मिळते. विशेष होतं ते नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे खेळाडूला स्वतःचा ट्रेड नाकारायचा हक्क देणारं कलम. हे कलम मागायला लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच संघात घालवलेली असावी लागतात. एवढं करूनही संघ ते सहसा देत नाहीत. कोबी ब्रायंट, टिम डंकन, डर्क नोविट्स्की अशा मोजक्या लोकांना ते मिळालं होतं. बीलने सही केली तेव्हा साऱ्या लीगमध्ये असं कलम हाती असलेला तो एकटाच होता.

जून २०२३ मध्ये सन्सनी त्याला आणलं. बदल्यात ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे बरेच पिक (खेळाडू निवडायचे हक्क) आणि पहिल्या फेरीच्या पिकांच्या अदलाबदलीचे हक्क दिले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, सौदा स्वस्तात पटला. केविन ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि बील असे तिघे गुण काढणारे एका संघात आले. पण विझार्ड्सना एवढं कमी का घ्यावं लागलं, हे कोणी विचारलं नाही. नो-ट्रेड क्लॉजमुळे कुठे जायचं हे बीलच ठरवत होता. ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक येतं त्याला भाव मिळत नाही. आणि ते कलम त्या ट्रेडमध्ये संपलं नाही, बीलसोबत फिनिक्सला आलं. ज्या अडचणीपायी विझार्ड्सना पडेल भावात विकावं लागलं, ती अडचण सन्सनी मालासकट विकत घेतली.

पुढची दोन वर्षं तुम्ही पाहिलीच आहेत. २०२४ मध्ये मिनेसोटाने पहिल्याच फेरीत ४-० असं धुतलं. पुढच्या हंगामात ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफही हुकला. प्रशिक्षक फ्रँक व्होगल गेला, माइक बुडेनहोल्झर आला आणि तोही एका वर्षात गेला. बील दोन्ही हंगामांत ५३-५३ सामने खेळला. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढून बाकावर बसवलं. तो वाईट खेळाडू नव्हता. बुकर आणि ड्युरँट असताना चेंडू त्याच्या हाती फारसा येतच नव्हता, आणि पगार मात्र पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा होता.

‘ट्रेड का नाही केला’ हा तुमचा मुख्य प्रश्न. उत्तर असं की प्रयत्न झाला आणि तीन अडथळ्यांवर अडकला. पहिला अडथळा बीलचा नकाराधिकार. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिमी बटलर मायामीतून सुटायला धडपडत होता आणि सन्सना तो हवा होता हे उघड होतं. पण त्याच्या पगाराच्या तोडीचा पगार पाठवायचा तर हिशेब बीलपाशीच येऊन थांबायचा. बटलर शेवटी गोल्डन स्टेटला गेला.

दुसरा अडथळा ॲप्रनचा, आणि याची चर्चा चाहत्यांमध्ये फारशी होत नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारात संघाच्या एकूण पगाराच्या दोन रेषा आखल्या आहेत, फर्स्ट ॲप्रन आणि सेकंड ॲप्रन. २०२५-२६ साठी त्या अनुक्रमे १९ कोटी ५९ लाख आणि २० कोटी ७८ लाख डॉलर होत्या. सेकंड ॲप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. पाठवलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त पगार आत घेता येत नाही. वर सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो; सन्सचा २०३२ चा असाच गोठला. म्हणजे ज्या ट्रेडची तुम्ही कल्पना करता आहात, ‘बील आणि एखादा तरुण खेळाडू देऊन अमुक घेऊ’, तशा मांडणीला नियमच आडवा येत होता.

तिसरा अडथळा समोरच्या संघाचा. २०२५-२६ साठी बीलचे ५ कोटी ३७ लाख डॉलर आणि २०२६-२७ साठी ५ कोटी ७१ लाख. दुसरं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर होतं, आणि एवढ्या रकमेवर कोणीही पाणी सोडत नाही, तेव्हा ते धरूनच चालायचं. बत्तीस वर्षांचा, वर्षाला तीसेक सामने चुकवणारा गार्ड आणि दोन वर्षांचे ११ कोटी ८ लाख. असा करार घ्यायचा तर समोरचा संघ वर काहीतरी मागणारच. सन्सकडे द्यायला काय होतं? ड्युरँटला आणताना पहिल्या फेरीचे चार पिक ब्रुकलिनला गेले होते. उरलेसुरले इतर सौद्यांत अडकले होते. तिजोरी रिकामी असताना नकोसा करार दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग दोन वर्षं थांबायचं, करार आपोआप संपला असता. एरवी मी हेच सांगितलं असतं. पण थांबण्याचा फायदा होतो तो संघ हरत राहून वरचे पिक मिळवतो म्हणून. सन्सचे स्वतःचे पिक दुसऱ्यांच्या हाती होते, त्यामुळे हरण्याचा लाभही दुसऱ्यालाच झाला असता. आणि त्या दोन वर्षांत सेकंड ॲप्रनचे सगळे निर्बंध आणि लक्झरी टॅक्स, म्हणजे जास्त पगारखर्चावर संघाने भरायचा कर, चालूच राहिला असता.

आता ज्या आकड्यावर तुमच्या मेव्हण्यांचा आक्षेप आहे तो, म्हणजे १ कोटी ३९ लाख. हा आकडा घासाघीस करून आला असं बहुतेकांना वाटतं. तो कुठून आला ते कागदावर मांडून दाखवते.

बाय-आउट दिला तरी उरलेली रक्कम संघाच्या पगारखात्यात दिसतेच. ती लांबवायची सोय स्ट्रेच नावाच्या नियमात आहे: उरलेल्या वर्षांच्या दुपटीत एक मिळवायचा आणि तेवढ्या वर्षांत रक्कम समान वाटायची. बीलची दोन वर्षं उरली होती, म्हणजे पाच वर्षं, २०२९-३० पर्यंत. पण याला एक मर्यादा आहे. अशा मोकळ्या केलेल्या खेळाडूंच्या लांबवलेल्या रकमांची बेरीज कोणत्याही वर्षात सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगाराला लीगने आखलेल्या मर्यादेच्या) १५ टक्क्यांवर जाता कामा नये. २०२५-२६ चा कॅप १५ कोटी ४६ लाख डॉलर होता, त्याचे १५ टक्के म्हणजे २ कोटी ३२ लाख. सन्सच्या खात्यात असे दोन खेळाडू आधीच होते, नसीर लिटलचे वर्षाला सुमारे ३१ लाख आणि ई. जे. लिडेलचे सुमारे ७ लाख. ते वजा केले की उरतात १ कोटी ९४ लाख. त्यांना पाचाने गुणा, येतात ९ कोटी ७० लाखांच्या आसपास. बीलचे देणे होते ११ कोटी ८ लाख. मधलं अंतर जवळपास १ कोटी ३९ लाख. बीलने नेमके तेवढेच सोडले. त्याहून थोडेही कमी सोडले असते तर स्ट्रेच नियमात बसला नसता, आणि स्ट्रेच नाही तर सन्सच्या दृष्टीने बाय-आउटला अर्थच नव्हता. नुसता बाय-आउट देऊन पहिल्याच वर्षी साडेचार कोटींहून अधिक रक्कम खात्यात राहिली असती आणि ॲप्रनची डोकेदुखी जिथल्या तिथे.

ताडून पाहायचं असेल तर त्याच महिन्यातलं मिलवॉकीचं उदाहरण घ्या. डेमियन लिलार्डचा टाचेवरचा ॲकिलीस स्नायुबंध २०२५ च्या प्लेऑफमध्ये तुटला होता आणि त्याचे सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर देणे बाकी होतं. बक्सनी त्याला सोडलं, रक्कम पाच वर्षांत वाटली, वर्षाला साधारण २ कोटी २५ लाख. ही रक्कम १५ टक्क्यांच्या आत बसत होती. म्हणून लिलार्डकडे काही मागायची वेळच आली नाही. त्याने एक छदामही सोडला नाही, आणि पोर्टलंडला परत जाऊन तीन वर्षांचा ४ कोटी २० लाखांचा नवा करार केला. बीलचं देणं लिलार्डपेक्षा थोडं कमीच होतं. फरक पडला तो लिटल आणि लिडेल या दोन छोट्या नोंदींमुळे. करार वाचताना मी म्हणूनच आधी संघाच्या जुन्या नोंदी बघते.

मग बीलने होकार का दिला? मेव्हण्यांना सांगा की त्याच्यासमोर पर्याय ‘११ कोटी की ९ कोटी ६९ लाख’ एवढाच नव्हता. बाय-आउटचा करार ठरवताना आमच्यासारखे लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: बाहेर गेल्यावर याला किती मिळणार? जो आकडा येतो, साधारण तेवढा सोडायला खेळाडू तयार होतो. जॉन वॉलचं उदाहरण अगदी स्वच्छ आहे. २०२२ मध्ये ह्यूस्टनकडे त्याचे ४ कोटी ७४ लाख डॉलर होते, त्याने सुमारे ६५ लाख सोडले आणि लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सनी त्याला पहिल्या वर्षासाठी जवळपास तेवढेच दिले. बीललाही क्लिपर्सकडूनच दोन वर्षांचे सुमारे १ कोटी १० लाख मिळाले. क्लिपर्सच्या मिड-लेव्हल एक्सेप्शनमधला, म्हणजे कॅपच्या वर असतानाही ठरावीक रकमेपर्यंत खेळाडू घ्यायच्या सवलतीतला, मोठा वाटा ब्रुक लोपेझला गेला होता. उरलेले ५४ लाखांच्या आसपास पहिल्या वर्षासाठी बीलला दिले. कॅपच्या वर असलेल्या संघाला याहून जास्त देताच येत नाही. बीलची खरी किंमत ५४ लाख होती असा याचा अर्थ नाही. त्या दिवशी त्या संघाच्या हातात तेवढंच शिल्लक होतं.

वरवर पाहता बीलला २९ लाखांची झळ बसली. मेव्हण्यांच्या मनातला आकडा यापेक्षा बराच मोठा होता. पण इथे मी त्यांच्या बाजूने एक मुद्दा घालते, कारण तो वर्तमानपत्रांत कुठेच येत नाही. स्ट्रेचमध्ये नुसती नोंद लांबत नाही, पैसे हातात पडणंही लांबतं. जे पैसे दोन वर्षांत मिळायचे ते आता पाच वर्षांत मिळणार. शेकडा ५ व्याज धरून आजची किंमत काढली तर मूळ कराराची किंमत १० कोटी ८१ लाखांच्या घरात होती. नव्या व्यवस्थेची साधारण ८ कोटी ८२ लाख. म्हणजे खरी तूट जवळजवळ २ कोटींची. क्लिपर्सचे पैसे त्यात मिळवले तरी ९० लाखांच्या आसपास खड्डा राहतोच. आमच्या कामात एजंटाला हा दुसरा हिशेब दाखवल्याशिवाय आम्ही सही होऊ देत नाही.

एवढं सोसून त्याला मिळालं काय? आपला संघ आपण निवडायची मुभा. दुसऱ्या वर्षाचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवणारा करार. आणि नॉर्मन पॉवेल मायामीला गेल्यामुळे रिकामी झालेली, सुरुवातीच्या पाचांतली जागा. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी एक चांगला हंगाम पुढच्या कराराचा पाया असतो. बाकावर बसून पूर्ण पगार घेण्यात त्याची पुढची किंमत रोज घसरत होती. निर्णय मला समजतो आणि पटतोही. नशिबाने मात्र साथ दिली नाही. क्लिपर्सकडून सहा सामने खेळला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये खुब्याचं हाड मोडून त्याचा हंगाम संपला. हे कळल्यावर ‘सन्स सुटले’ असं म्हणणारे बरेच भेटले. मला ते पटत नाही. जुलैतल्या निर्णयाचं मोल नोव्हेंबरातल्या दुखापतीवरून ठरत नाही, आणि बीलचे पैसे तर सन्सच देताहेत.

मुलाचा मुद्दा राहिला, पद्धतीच्या न्याय-अन्यायाचा. त्याचा राग अगदी निराधार नाही. २०१० मध्ये क्लीव्हलँडने झिड्रुनास इल्गाउस्कसला वॉशिंग्टनला देऊन अँटवान जेमिसन घेतला. विझार्ड्सनी आठवडाभरात इल्गाउस्कसला बाय-आउट दिला आणि महिन्याभरात तो परत क्लीव्हलँडच्या गणवेशात उभा होता. क्लीव्हलँडला जेमिसन मिळाला आणि स्वतःचा सेंटरही राहिला. हे सगळं तेव्हाच्या नियमांत बसत होतं. २०११ च्या सामूहिक करारात ती फट बुजवली. आता ट्रेड केलेल्या खेळाडूला नव्या संघाने सोडलं तरी जुन्या संघाला वर्षभर, किंवा त्याचा करार संपल्यानंतरच्या १ जुलैपर्यंत, त्याला परत घेता येत नाही.

मग २०२१ आलं. ब्लेक ग्रिफिनने डेट्रॉइटकडचे १ कोटी ३३ लाख डॉलर सोडले, लामार्कस ऑल्ड्रिजने सॅन अँटोनियोकडचे ७२ लाखांहून जास्त, आणि दोघेही ब्रुकलिनला गेले, जिथे ड्युरँट, हार्डन आणि आयर्विंग आधीच होते. देशभर ओरड झाली. प्रत्यक्षात ऑल्ड्रिज पाच सामने खेळला आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे त्याला एप्रिलमध्ये निवृत्ती घ्यावी लागली. ब्रुकलिनला सातव्या सामन्यात मिलवॉकीने हरवलं. त्या मिलवॉकीला उपयोगी पडलेला पी. जे. टकर रीतसर ट्रेडने आला होता.

बाय-आउटवाले कधीच कामी येत नाहीत असं मात्र नाही. २०११ मध्ये टोरंटोने सोडलेल्या पेजा स्टोयाकोविचने डॅलससाठी लेकर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात सहापैकी सहा त्रिगुणी टाकले, आणि डॅलस विजेता झाला. २०२३ मध्ये केविन लव्ह क्लीव्हलँडहून मायामीला गेला आणि मायामी अंतिम फेरीत पोहोचलं. पण असे खेळाडू बहुतेक वेळा आठव्या-नवव्या क्रमांकाची जागा भरतात. मोठ्या नावामुळे आपल्याला ते मोठे वाटतात, एवढंच.

त्या ओरडीनंतर २०२३ च्या करारात आणखी एक आडकाठी घातली गेली. फर्स्ट ॲप्रनच्या वरच्या संघाला, हंगाम चालू असताना सोडलेला आणि मिड-लेव्हलपेक्षा जास्त पगाराचा खेळाडू घेता येत नाही. २०२४ मध्ये काइल लाउरीच्या वेळी हे स्पष्ट दिसलं. मायामीने त्याला टेरी रोझियरच्या बदल्यात शार्लटला दिलं, शार्लटने फेब्रुवारीत मोकळं केलं. त्याचा पगार २ कोटी ९७ लाख होता, मिड-लेव्हलची सीमा १ कोटी २४ लाख. म्हणजे ॲप्रनवरचे श्रीमंत संघ शर्यतीतून आपोआप बाद झाले, मायामीला तो परत घेता येत नव्हता, आणि फिलाडेल्फिया रेषेखाली असल्यामुळे त्याला घेऊ शकलं. मुलाला हवा तो न्याय बऱ्याच अंशी इथे झालेला आहे. बीलला हा नियम लागला नाही, कारण त्याला जुलैत, हंगाम बंद असताना सोडलं.

‘पगार एकाचा आणि खेळ दुसऱ्याचा’ या वाक्यात मात्र एक गोष्ट सुटते. खेळाडूला सोडल्यावर तो ४८ तास वेव्हर्सवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीत, असतो. त्या वेळात कोणताही संघ त्याच्यावर दावा करू शकतो, फक्त त्याचा पगार सामावायची जागा लागते. छोट्या संघांना अडवलेलं नसतं. पाच कोटींचा पगार सामावायला जागा ठेवून बसलेला संघ जुलैच्या मध्यावर सापडतच नाही, म्हणून खेळाडू दाव्याशिवाय बाहेर पडतो आणि मग कुठे जायचं ते तो ठरवतो.

आता सन्सना हे सगळं करून काय मिळालं, याचा सरळ हिशेब. बाय-आउटनंतर ते लक्झरी टॅक्सच्या आणि दोन्ही ॲप्रनच्या रेषांखाली आले. ट्रेडमध्ये पगार एकत्र करायची मुभा परत मिळाली, मिड-लेव्हल परत मिळाली. ड्युरँटला ह्यूस्टनला देऊन जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि दहाव्या क्रमांकाचा खमान मलुआच आणल्यावर संघ नव्याने बांधायचा होता. हात बांधलेले असताना ते जमलं नसतं.

किंमतही मोठी आहे, ती लपवायची नाही. २०२७-२८, २०२८-२९ आणि २०२९-३० ही तीन वर्षं मुळात मोकळी असायची होती. त्या प्रत्येक वर्षी आता १ कोटी ९४ लाख डॉलर न खेळणाऱ्या माणसाच्या नावावर पडणार. २०२५-२६ मध्ये ही रक्कम कॅपच्या साडेबारा टक्के होती. डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉनशी अकरा वर्षांचा ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार झालेला असल्यामुळे कॅप वाढत राहील. समजा तो दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढला, तर पाचव्या वर्षी हीच रक्कम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येईल. ओझं हलकं होईल, पण संपणार नाही. बुकरच्या उमेदीच्या शेवटच्या वर्षांत एका चांगल्या राखीव खेळाडूची जागा कायम रिकामी राहील असं धरून चाला.

तरीही, त्या जुलैत सन्सच्या कार्यालयात बसून मला विचारलं असतं तर मी हाच सल्ला दिला असता. एक अट घातली असती: पाच वर्षांत आणखी कोणालाही स्ट्रेच करायचं नाही. कारण १५ टक्क्यांची पेटी बील, लिटल आणि लिडेल यांनी काठोकाठ भरली आहे. लिडेलचे ७ लाख २०२६-२७ मध्ये सरतील, पण लिटलची नोंद २०३०-३१ पर्यंत चालणार आहे. आता एखादा करार बिघडला तर तो पूर्ण रकमेनिशी भोगावा लागेल किंवा पिक देऊन काढावा लागेल, आणि पिक त्यांच्याकडे नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत ट्रेडची मुदत जवळ आली आणि सन्सचं नाव एखाद्या लांब मुदतीच्या कराराशी जोडलं गेलं, तर नाव कोणाचं आहे यापेक्षा करार कोणत्या वर्षी संपतो ते आधी बघा.